शोमधली गाडी गल्ला भरत नाही

या आठवड्याच्या व्हिडिओत हॉट रॉडचा विषय निघाला आणि वेळ संपला. बोलायचं राहिलं ते इथे लिहितोय.

हॉट रॉड म्हणजे काय, ते आधी दोन ओळींत. अमेरिकेत 1930च्या आसपासच्या जुन्या फोर्ड गाड्या पोरं स्वस्तात घ्यायची, मडगार्ड काढून वजन कमी करायची, इंजिनवर काम करून ती पळवायची. कस्टम गाडीत भर दिसण्यावर. छताचे खांब मधून कापून छत खाली बसवायचं, दरवाज्याचे हँडल काढून जागा सपाट करायची, वर कोटावर कोट रंग. कॅलिफोर्नियात पोमोना इथे दरवर्षी ग्रँड नॅशनल रोडस्टर शो भरतो. 1950 साली तो ओकलंडमध्ये सुरू झाला. तिथे सर्वांत सुंदर रोडस्टरला जी ट्रॉफी मिळते ती माणसापेक्षा उंच आहे, नऊ फूट! पहिल्या वर्षी ती बिल नीकँपच्या 1929च्या फोर्डला मिळाली होती.

आता मुद्दा. आपल्याकडे गॅरेज टाकणाऱ्या पोरांना सर्रास सल्ला मिळतो, "एक जबरदस्त शो-कार बनव, गिऱ्हाईक आपोआप येईल." माझ्या बॅचमध्येही असे एकदोघं असतातच. मला हा सल्ला अर्धाच पटतो. गिऱ्हाईक येईल, पण तुम्ही त्याला विकणार काय? अशी एक गाडी म्हणजे हजारो तास. हाताचे तास गोडाऊनमध्ये साठत नाहीत. या महिन्यात गेले ते गेले.

ज्यांनी पैसा कमावला त्यांच्याकडे बघा. विक एडलब्रॉक लॉस एंजेलिसमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. 1938 मध्ये त्याने 1932ची फोर्ड रोडस्टर घेतली आणि तिच्यासाठी स्वतःच इनटेक मॅनिफोल्ड बनवला, म्हणजे कार्ब्युरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणारा भाग. आठवडाभर त्याच गाडीत फिरायचा, सुट्टीला कोरड्या तलावाच्या सपाट मैदानावर ती पळवायचा. गाडी पुढे गेली की बाकीचे बॉनेटखाली डोकावणार आणि "मलाही असाच बनवून दे" म्हणणार. त्याने गाडी विकायला काढली नाही, मॅनिफोल्ड विकला. 1946 मध्ये तर छापील कॅटलॉग काढला. एकदा साचा तयार झाला की दुसरा नग, दहावा नग, शंभरावा नग. याला मी धंदा म्हणतो. गाडी ही त्याची पाटी होती.

रॉबर्ट पीटरसनने तर गाडीही बनवली नाही. जानेवारी 1948 मध्ये लॉस एंजेलिसला हॉट रॉडचं प्रदर्शन भरलं, तिथे हा माणूस 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक 25 सेंटला विकत होता. एड रॉथ मात्र खरा कलाकार, त्याच्या गाड्या बघून चक्रावायला होतं. पण शोमध्ये तो टेबल टाकून एअरब्रशने टी-शर्ट रंगवून द्यायचा, आणि पुढे त्याच्या गाड्यांची प्लास्टिकची मॉडेल्स खेळण्यांच्या दुकानात गेली. गाडी एकालाच घेता येते. टी-शर्ट बघायला आलेला कोणीही घेतो.

कोणी म्हणेल, पार्ट बनवले म्हणजे सुटलो. तसंही नाही. बॉइड कॉडिंग्टन दिवसा डिस्नेलँडमध्ये मशिनिस्ट, रात्री घरच्या गॅरेजमध्ये हॉट रॉड. ती मोठी ट्रॉफी त्याने पुन्हा पुन्हा जिंकली, अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांचा मोठा कारखाना काढला, आणि 1998 मध्ये दिवाळखोरीत गेला. एक मोठं गिऱ्हाईक बुडालं आणि त्याच्याकडची उधारीही बुडाली. आपल्या किराणावाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, पण वर्कशॉपवाला इंजिनच्या आवाजात विसरतो. एकाच गिऱ्हाइकाकडे किती पैसे अडकलेत, हा आकडा तुम्हाला आत्ता, वही न उघडता सांगता येतो का?

आणि आपल्याकडचं वेगळंच दुखणं. अमेरिकन व्हिडिओ बघून गाडी कापायला निघालेल्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचावं. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच म्हटलंय. 2021च्या विंटेज गाड्यांच्या नियमातही गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, शिवाय चॅसी, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं. म्हणजे पोमोनात ट्रॉफी घेणाऱ्या गाडीला इथे विंटेजची नंबरप्लेटसुद्धा मिळणार नाही. मला वैयक्तिक विचाराल तर नियम जरा जास्तच कडक आहे. पण कर्ज काढून, नंबर न मिळणारी गाडी बनवून बसणं हे धाडस नाही, तो तोटा आहे.

त्यापेक्षा जुनी फिएट, लँब्रेटा, जावा जपणाऱ्यांना जाऊन विचारा की तुमचं काम कशामुळे अडलंय. काचेचं रबर, दरवाज्याचं हँडल, मागच्या दिव्याची लाल काच. मूळ मापाचा असा एखादा भाग नीट बनवून देणारा माणूस ते शोधत असतात. तुमच्या शहरात असा कोणी आहे का, ते या रविवारी दोन जुन्या गॅरेजवाल्यांना विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा.