इंग्रजी शब्द पाठ झाले; पुढें काय?

जितके इंग्रजी शब्द पाठ, तितकें इंग्रजी अधिक येतें, अशी एक समजूत आमच्या विद्यार्थ्यांत आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या पालकांत दृढ होऊन बसली आहे. शंभर पानी वहीच्या मधोमध उभी रेघ ओढावी, डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे मराठी अर्थ लिहावा आणि सकाळसंध्याकाळ घोकीत बसावें, हा क्रम घरोघर चालू आहे. वडील कामावरून परत आल्यावर वही हातीं घेतात, दहा शब्द विचारतात, मुलगा दहांचेही अर्थ धडाधड सांगतो आणि घरांतील सर्वांस समाधान वाटतें. त्याच दहांपैकीं एक शब्द घालून स्वतःचें एक वाक्य लिही, असें त्या मुलास सांगितलें, तर मात्र त्याची लेखणी अडते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे कीं, त्याविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

पाठांतराची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. पाढे व कविता पाठ केल्यानें कोणाचेंही नुकसान होत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अर्थ हा शब्दाचा पत्ता होय. पत्ता मुखोद्गत असणें म्हणजे त्या घरीं जाणें-येणें असणें नव्हे.

प्रथम आपल्या मायबोलीकडेच पाहूं. ‘लागणें’ हें साधें क्रियापद घ्या. भूक लागते, ठेंच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, दिवा लागतो, आणि लेकराला आजीचा लळाही लागतो. एखाद्या परक्या गृहस्थानें ‘लागणें’ याचा एकच अर्थ पाठ करून आपल्याशीं बोलावयास आरंभ केला, तर त्याची किती फजिती होईल! आपली ती होत नाहीं. कारण आपण हा शब्द अर्थावरून शिकलों नाहीं, तर आईच्या तोंडचीं शेंकडों वाक्यें ऐकून शिकलों.

इंग्रजीचेंही तसेंच आहे. ‘फाइन’ म्हणजे दंड, ‘फाइन’ म्हणजे उत्तम, आणि ‘फाइन’ म्हणजे बारीकही. कोणता अर्थ घ्यावयाचा तें वाक्यच सांगतें. याच्या उलट, मराठीत एकच शब्द असून इंग्रजींत दोन असतात. मुलगा उंच आणि डोंगरही उंच. पण मुलगा ‘टॉल’ व डोंगर ‘हाय’. आपण पुस्तक उसनें घेतों व उसनें देतों. इंग्रजींत घेणाऱ्याचें ‘बॉरो’ आणि देणाऱ्याचें ‘लेंड’. मराठींत गुरुजी परीक्षा घेतात व विद्यार्थी ती देतात; इंग्रजींत विद्यार्थीच परीक्षा ‘टेक’ करतो. ‘डिस्कस’ म्हणजे चर्चा करणें, एवढेंच ज्यानें पाठ केलें, तो मराठीच्या वळणानें त्यापुढें ‘अबाउट’ जोडणारच. अर्थ बरोबर असून वाक्य चुकलें, असें ज्यांच्या वह्यांत वारंवार घडतें, त्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा.

कोशकारांनीं हें मर्म फार पूर्वींच ओळखलें होतें. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ४० हजार शब्द असून, ते कसे वापरले गेले हें दाखविण्यासाठीं नामांकित ग्रंथकारांचे एक लाखाहून अधिक वेंचे दिले आहेत. ऑक्सफर्डच्या महाकोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला आणि तें कार्य १९२८ सालीं पुरें झालें; त्यासाठीं असंख्य वाचकांनीं ग्रंथांतून वाक्यें उतरून चिठ्ठ्यांवर पाठविलीं होतीं. आपल्याकडे मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. त्यांतही नुसते अर्थ नसून म्हणी व वाक्प्रचार विपुल आहेत. बाबा पदमनजी यांनीं १८६३ सालीं त्याच कोशाचा संक्षेप सिद्ध केला.

परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याची अडचण मात्र शिक्षकांनाच अधिक कळली. ए. एस. हॉर्नबी हे जपानांत इंग्रजी शिकवीत असत. कोणत्या क्रियापदामागून वाक्याची रचना कशी येते, कोणतें नाम मोजतां येतें व कोणतें येत नाहीं, हें उदाहरणांनीं दाखविणारा त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ सालीं जपानांत छापला गेला. १९४८ सालीं ऑक्सफर्डनें तो पुन्हां प्रसिद्ध केला. बंगालमध्यें शिक्षणखात्यांत काम केलेले मायकेल वेस्ट यांनीं एंडिकॉट यांच्यासह १९३५ सालीं जो कोश काढला, त्यांत सुमारें २४ हजार शब्दांचे व वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांच्या साह्यानें उलगडून दाखविले आहेत. थोडेच शब्द, पण ते पूर्ण स्वाधीन असले, तर त्यांच्या बळावर किती सांगतां येतें, याचें याहून चांगलें प्रमाण कोणतें?

आतां दुसऱ्या टोंकाच्या मताकडे वळूं. कांहीं पालक म्हणतात, ‘मराठी अर्थ नकोच, घरींदारीं इंग्रजीच चालूं द्या.’ हें मत आम्हांस मान्य नाहीं. ज्या मुलीस ‘प्रामाणिकपणा’ म्हणजे काय हें मराठींत पक्कें समजलें आहे, तिला इंग्रजींत केवळ नवें नांव शिकावयाचें असतें. जिला तें कोणत्याच भाषेंत समजलेलें नाहीं, तिला नांव मिळूनही हातीं कांहीं लागत नाहीं. शिवाय, तुलनेनें दोन्ही भाषा उजळतात. काका, मामा, मावशीचे यजमान व आत्याचे यजमान या सर्वांस इंग्रज एकट्या ‘अंकल’नें हांक मारतो, हें ध्यानांत आलें म्हणजे आपली भाषा दरिद्री आहे, ही खंत आपोआप गळून पडते. संस्कृतांतील एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द झाले, हें ज्यास ठाऊक आहे, त्यास वाहून नेण्याच्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ‘इंपोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रान्स्पोर्ट’ व ‘पोर्टर’ कसे निघाले, हें समजण्यास कितीसा वेळ लागणार?

तर मग करावें काय? वहींत दोनांऐवजीं चार रकाने आंखावे. पहिल्यांत शब्द, दुसऱ्यांत त्या धड्यापुरता मराठी अर्थ, तिसऱ्यांत धड्यांतील मूळ वाक्य, आणि चौथ्यांत स्वतःचें वाक्य. हें शेवटचें वाक्य गाइडांतून अथवा मोबाइलवरून उतरलेलें नसावें. तें आपल्या घराविषयीं, वाडीविषयीं, म्हशीविषयीं, चुकलेल्या एस. टी. विषयीं असावें. जें आपण खरोखर पाहिलें आहे, त्याचें वाक्य स्मरणांत राहतें. दररोज पांचच शब्द घ्यावे; तेच दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें व महिन्यानें पुन्हां पाहावे; कारण विस्मरणाचा वेग पहिल्या एकदोन दिवसांतच सर्वांत अधिक असतो. वर्षाच्या २०० दिवसांत अशा रीतीनें एक हजार शब्द स्वाधीन होतात.

‘परीक्षा जवळ आली, इतका वेळ कोठला?’ असें कोणी म्हणेल. परंतु परीक्षेंतही न वाचलेला उतारा व पत्रलेखन असतेंच, आणि तेथें शब्दार्थांची यादी उपयोगीं पडत नाहीं. शिवाय परीक्षेपलीकडे आयुष्य आहे. मराठी शाळेंतून उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झालेलीं मुलें कॉलेजांत गेल्यावर वर्गांत मुकीं होतात, प्रश्न मनांत असून विचारीत नाहींत, आणि हळूहळू आपणांस बुद्धीच कमी आहे, असें समजूं लागतात. बुद्धि कमी नसते. हजारों शब्द जवळ असून त्यांचीं वाक्यें करण्याची संवय नसते. पोटाला चिमटा घेऊन शिकवणीची फी भरणाऱ्या आईबापांच्या मुलांवर हा प्रसंग यावा, ही आमच्या मतें फार मोठी हानि आहे, आणि ती टाळतां येण्यासारखी आहे.

ज्या पालकांस इंग्रजी येत नाहीं, त्यांनींही ‘आम्ही काय करणार?’ असें म्हणूं नये. वही हातीं घेऊन दहा अर्थ विचारण्याऐवजीं मुलास एवढेंच म्हणावें, ‘आज तूं स्वतः केलेलें एक वाक्य वाच, आणि तें मला मराठींत समजावून सांग.’ तो समजावूं शकला, तर शब्द त्याचा झाला. अडखळला, तर त्यानें तें वाक्य उद्यां पुन्हां करावें. ही परीक्षा घेण्यास इंग्रजीचें एकही अक्षर यावें लागत नाहीं. रोज दहा मिनिटें मुलाजवळ बसावें लागतें.