लायसन, पार्किंग आणि नीड फॉर स्पीड



यंदाच्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी तीन आठवडे दोन गाड्या होत्या आणि ड्रायव्हर एकही नव्हता. गाड्या ठणठणीत, टाक्या भरलेल्या, इन्शुरन्स चालू. फक्त माझं आणि बायकोचं लायसन एकाच दिवशी संपलं होतं.

एच-वनवाल्यांना हा प्रकार नवा नाही, पण इतरांसाठी सांगतो. २००५ च्या रिअल आयडी कायद्याप्रमाणे परदेशी माणसाचं लायसन त्याच्या अधिकृत मुक्कामाच्या मुदतीइतकंच मिळतं. (हा कायदा बऱ्याच जणांना कळला तो मे २०२५ मध्ये, विमानतळावर त्याची अंमलबजावणी सुरू झाल्यावर.) मुक्काम संपला की लायसन संपलं. कंपनीने एक्स्टेंशनचा अर्ज वेळेत टाकलेला असेल तर निकाल येईपर्यंत २४० दिवस त्याच कंपनीत काम करता येतं. म्हणजे सरकार म्हणतं, तू नोकरी कर, काही हरकत नाही. तिथे पोचायचं कसं, हा प्रश्न मात्र दुसऱ्या खिडकीवर. अर्जाची पावती दाखवून तात्पुरतं लायसन मिळू शकतं, पण त्याआधी पडताळणी व्हावी लागते, आणि आमची पडताळणी कुठल्यातरी कॉम्प्युटरच्या पोटात अडकून बसली. बायकोचा एच-फोर माझ्याच शेपटीला बांधलेला, त्यामुळे तिचंही तेच.

बरं, हे न्यूयॉर्कात झालं असतं तर मी यावर एक ओळही लिहिली नसती. आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला. इथे बस नाही, ट्रेन नाही, कोपऱ्यावर वाणी नाही. शेजारच्या फोर्ट वर्थच्या वाटेवर आर्लिंग्टन नावाचं जवळजवळ चार लाख वस्तीचं शहर आहे. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी फोनवरून बोलवायच्या छोट्या व्हॅन सुरू केल्या, पण ठरलेल्या मार्गाने धावणारी स्वतःची बससेवा काही काढली नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला एष्टी स्टँड असतो हो!

सगळ्यात मजा म्हणजे तेव्हा माझे वडील आमच्याकडे होते. बाबा आले व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी, आणि निघताना हौसेने आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आले. नियमाप्रमाणे पाहुण्याला त्यावर इथे गाडी चालवता येते. म्हणजे अकरा वर्षं टॅक्स भरणारा मुलगा आणि नोकरी करणारी सून घरी बसलेले, आणि अडुसष्ट वर्षांचे बाबा घरातले एकमेव कायदेशीर ड्रायव्हर! बायको म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच आमचे सारथी." बाबा गाडीत बसले, उलट्या बाजूचं स्टिअरिंग पाहिलं आणि उतरले. "अरे, मी आयुष्यभर चेतक चालवली. ही मागची दारंसुद्धा आपली आपण उघडणारी गाडी मला नको."

मग त्यांनी चालायचं ठरवलं.

ग्रोसरीचं दुकान आमच्यापासून दीड मैलाच्या आत आहे. साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत जितकं असेल साधारण तितकंच, आणि तेवढं बाबा रोज दोनदा चालतात. पण इथे मध्ये सहा पदरी रस्ता, त्यावर ४५ मैलांचा वेग, आणि अर्ध्या वाटेत फुटपाथ अचानक संपतो. पुढे गवत. ऊन नको म्हणून बाबा सकाळी साडेसहाला पिशवी घेऊन निघायचे. तिसऱ्या दिवशी एक भला माणूस गाडी थांबवून विचारता झाला, "सर, गाडी बंद पडलीय का? मदत हवी का?" पायी चालणारा म्हणजे संकटात सापडलेला. बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट कौतुकच वाटलं, पण संध्याकाळी म्हणाले, "राजवाड्यापर्यंत जायचं तर वीस माणसं भेटतात. इथं सकाळपासून एकच भेटला, आणि तोही मी आजारी आहे का ते बघायला."

दुकानाबद्दल त्यांचं मत असं, की घर एवढंसं आणि अंगण केवढं! त्यांनी पार्किंगच्या रांगा मोजल्या होत्या. पाच दुकानं मावतील म्हणाले.

हे ऐकून मला सिमसिटी आठवला. विल राइटचा १९८९ चा मूळ खेळ आमच्या पिढीच्या आधीचा, पण २०१३ साली त्याची नवी आवृत्ती आली. तिचा मुख्य डिझायनर स्टोन लिब्रँड याने तेव्हा एका मुलाखतीत सांगितलं होतं, की खऱ्या शहरातल्या जागांची मापं घेताना त्याच्या नेहमीच्या ग्रोसरीच्या दुकानापेक्षा त्याचं पार्किंगच कितीतरी मोठं निघालं. तसंच्या तसं खेळात घातलं असतं तर सगळं शहर म्हणजे पार्किंग लॉट झालं असतं आणि खेळणारा कंटाळला असता. म्हणून त्यांनी ठरवलं की पार्किंग जमिनीखाली आहे असं समजायचं. विचार करा, पडद्यावर जे शहर कंटाळवाणं म्हणून बाद केलं, त्यात आपण तीस वर्षांचं गृहकर्ज काढून राहतो.

डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी २००५ मध्ये या फुकट पार्किंगवर सातशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं. मुद्दा साधा: पार्किंग फुकट नसतं, त्याचा खर्च भाड्यात, दुधाच्या भावात, सगळ्यात मिसळलेला असतो, आणि गाडी नसलेला माणूसही तो भरतो. अमुक दुकानाला इतक्या जागा हव्यातच, हा नियम शहरंच करतात. आमच्या टेक्सासातल्या ऑस्टिनने २०२३ च्या नोव्हेंबरात तो नियम जवळजवळ पूर्ण काढून टाकला. शूप २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. निदान एवढं तरी बघून गेले.

आता कोणी म्हणेल, हा गाड्यांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. मी हॉस्टेलवर रात्र-रात्र नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड खेळलेला माणूस आहे. ती निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू मिळेपर्यंत सबमिशन लिहिलं नव्हतं कोणी. त्या खेळात पेट्रोल लागत नाही, पार्किंग शोधावं लागत नाही, आणि गाडी जप्त होते ती पोलिसांनी पाठलाग करून पकडल्यावर. आय-९४ ची तारीख उलटली म्हणून नाही. अमेरिकेत गाडी म्हणजे स्वातंत्र्य, असं आम्हाला त्या रॉकपोर्ट शहरात वाटायला लागलं होतं. इथे आल्यावर कळलं की जी गोष्ट नसली तर दूधही आणता येत नाही तिला स्वातंत्र्य म्हणत नाहीत, तिला अट म्हणतात.

माझा एक सहकारी रोज पन्नास मिनिटं ट्रॅफिकमध्ये घालवून घरी जातो आणि जेवण झालं की अमेरिकन ट्रक सिम्युलेटर लावतो. टेक्सासचा नकाशा त्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. एकास वीस प्रमाणामुळे डॅलस ते ह्यूस्टनचे २४० मैल बारा-पंधरा मिनिटांत होतात. सिग्नल तोडला तर दंड, झोप आली तर थांबायचं, डिझेल संपलं तर टोइंग. त्याची बायको म्हणते, दिवसभर तेच करून पुन्हा तेच? पण मला तो पटतो. तिथे गाडी चालवायची की नाही हे तो स्वतः ठरवतो. सकाळी साडेसातला कोणी विचारत नाही.

त्या तीन आठवड्यांत आम्हाला वाचवलं ते चार घरं पलीकडच्या तेलुगू कुटुंबाने. ऑफिसचे तीन दिवस मी त्यांच्या गाडीत, मुलाला स्कूलबस, आणि बाकी उबरवाल्याचं घर आम्ही चालवलं. बाबांना एकदा रात्री छातीत जळजळ झाली. ॲसिडिटीच निघाली, पण पहिली वीस मिनिटं मी गॅरेजमध्ये किल्ली हातात घेऊन उभा होतो. शेवटी शेजाऱ्यांचं दार वाजवलं.

लायसन आलं. ज्यांची मुदत पुढच्या वर्षी आहे त्यांना एकच सांगतो: एक्स्टेंशनचा अर्ज सहा महिने आधी टाकता येतो, कंपनीच्या वकिलाच्या मागे तेव्हापासूनच लागा. प्रीमियम प्रोसेसिंगला कामाचे पंधरा दिवस लागतात, तेही विचारून बघा. आम्ही घर बदलायचं बघतोय. एजंटने पहिल्याच फोनवर विचारलं, गॅरेज दोन गाड्यांचं हवं की तीन? बायको म्हणाली, फुटपाथ कुठपर्यंत जातो ते सांगा. तो शोधून कळवतो म्हणालाय.