परक्याची झडती, आपल्याला मोकळीक

बँकेत खाते असलेल्या सर्वसामान्य माणसाला आपली ओळख दर काही वर्षांनी नव्याने पटवून द्यावी लागते. पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र हे सारे पुन्हा सादर करावे लागते. त्यात हयगय झाली तर निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतनही खात्यात अडकून पडू शकते. अवैध पैसा बँकांच्या मार्गाने उजळ माथ्याने फिरू नये यासाठी ही दक्षता आहे आणि तत्त्वतः तिला हरकत घेण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, सार्वजनिक पैशाला ज्यांच्या हातून पाय फुटण्याचा संभव सर्वांत अधिक, त्या सत्तापदस्थांच्या बाबतीत ही दक्षता कितपत पाळली जाते? या प्रश्नाचे उत्तर भारतीय नियमावलीत शोधू गेल्यास एक चमत्कारिक विसंगती दृष्टीस पडते.

आंतरराष्ट्रीय परिभाषेत अशा सत्तापदस्थांना ‘पोलिटिकली एक्स्पोज्ड पर्सन’ म्हणतात. बँकांच्या व्यवहारात त्याचे ‘पेप’ असे लघुरूप रूढ झाले आहे. राष्ट्रप्रमुख, मंत्री, ज्येष्ठ राजकारणी, वरिष्ठ न्यायाधीश व सेनाधिकारी, सरकारी उद्योगांचे प्रमुख, पक्षांचे महत्त्वाचे पदाधिकारी हे सर्व त्यात मोडतात. त्यांचे कुटुंबीय आणि निकटवर्ती यांनाही तेच नियम लागू होतात. अशा व्यक्तीचे खाते उघडण्यास बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची संमती लागते, पैसा कोठून आला याची विचारणा करावी लागते आणि पुढील उलाढालींवर विशेष नजर ठेवावी लागते. पेप ठरणे म्हणजे आरोपी ठरणे नव्हे, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. जोखीम माणसाच्या चारित्र्यात नसून त्याच्या पदात आहे, एवढेच या संकल्पनेचे म्हणणे आहे.

ही संकल्पना कटू अनुभवांतून जन्मली. नायजेरियाचा लष्करी हुकूमशहा सानी अबाचा १९९८ साली मरण पावला, तेव्हा त्याच्या कुटुंबीयांनी व हस्तकांनी देशाचा खजिना युरोपातील बँकांत रिता केल्याचे उघडकीस आले. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने २००१ मध्ये २३ बँकांची तपासणी केली, तेव्हा १५ बँकांच्या नियंत्रणव्यवस्थेत गंभीर उणिवा आढळल्या. अबाचाच्या परिवाराशी निगडित खात्यांतून चार वर्षांत १३० कोटी डॉलरची उलाढाल झाली होती.

वॉशिंग्टनमधील रिग्ज बँकेचे प्रकरण याहून बोलके आहे. चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांना १९९८ साली लंडनमध्ये अटक झाली, ही बातमी जगभर गाजली. परंतु या बँकेने त्यांची खाती सांभाळली. एवढेच नव्हे, तर ती नियामकांच्या नजरेपासून दडविण्यास साहाय्य केले. अमेरिकी सिनेटच्या समितीने २००४ साली हे सारे चव्हाट्यावर आणले. त्याच वर्षी बँकेला अडीच कोटी डॉलरचा दंड झाला, २००५ मध्ये तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि अखेर ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पिनोशे कोण हे बँकेला ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. माहिती होती, उणीव होती ती बड्या खातेदाराला प्रश्न विचारण्याच्या धैर्याची.

अबाचासारख्या प्रकरणांनंतर ‘फायनान्शियल अॅक्शन टास्क फोर्स’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ साली परदेशी सत्तापदस्थांविषयी नियम घालून दिले. प्रथम केवळ परदेशी पुढारीच डोळ्यांसमोर होते. चोरीचा पैसा देशात ठेवण्यापेक्षा बाहेर नेला जातो, हा त्यामागील विचार. मात्र हा विचार अपुरा असल्याचे दिसून आल्यावर २०१२ मध्ये स्वदेशातील सत्तापदस्थही नियमाच्या कक्षेत आले. युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशाने हाच मार्ग पत्करला.

भारत २०१० पासून या संस्थेचा सदस्य आहे. तथापि मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत मार्च २०२३ मध्ये पेपची जी व्याख्या समाविष्ट झाली, ती परदेशाने ज्यांच्याकडे महत्त्वाचे सार्वजनिक काम सोपविले आहे अशा व्यक्तींपुरतीच आहे. रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२४ मध्ये हीच व्याख्या आपल्या निर्देशांत आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारताच्या व्यवस्थेची एकंदरीत प्रशंसा केली. परंतु देशी सत्तापदस्थ मोकळे राहिल्याच्या उणिवेवर बोटही ठेवले.

या विसंगतीचा व्यवहारातील अर्थ काय? मुंबईतील एखाद्या शाखेत परदेशी मंत्र्याचा पुत्र आला, तर पैशाचा उगम विचारणे बँकेवर बंधनकारक. राज्यातल्या मंत्र्याचा पुत्र आला, तर पेप म्हणून तसे बंधन नाही. परदेशी मंत्री त्या शाखाधिकाऱ्याचे काहीच बिघडवू शकत नाही. स्थानिक मंत्र्याची मर्जी खप्पा झाली, तर मात्र त्याची बदली होण्यास वेळ लागत नाही. जेथे भीड अधिक, तेथेच नियमाच्या आधाराची गरज अधिक असते. महाराष्ट्राला हे निराळे सांगावयास नको. सहकारी बँकांचे संचालकपद आणि राजकीय पुढारीपण यांची येथील सांगड जुनी आहे. नागरी सहकारी बँकांनी संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्जे देऊ नयेत, असा निर्बंध रिझर्व्ह बँकेला २००३ साली घालावा लागला, तो उगीच नव्हे.

निवडणुकीच्या वेळी उमेदवार मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देतात, मग आणखी चौकशी कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयाने ही प्रथा आली आणि २०१८ मध्ये उत्पन्नाचा स्रोतही सांगणे आवश्यक ठरले, हे स्वागतार्हच आहे. पण प्रतिज्ञापत्र पाच वर्षांतून एकदा संपत्तीचा साठा दाखविते. तिचा प्रवाह दिसतो तो बँकेला. शिवाय सचिव, सेनापती वा महामंडळाचा प्रमुख निवडणूक लढवीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा नियमाचा उपयोग विरोधकांना छळण्यासाठी होईल. ही भीती अनाठायी नाही. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, दहा वर्षांत अंमलबजावणी संचालनालयाने आजीमाजी खासदार, आमदार व राजकीय नेत्यांविरुद्ध १९३ प्रकरणे नोंदविली. दोषसिद्धी झाली ती दोनच प्रकरणांत. किंतु हे आकडे प्रतिबंधक नियमाच्या विरोधात नसून त्याच्या बाजूने बोलतात. कोणाचे प्रकरण केव्हा उघडायचे हे जेथे तपासयंत्रणा ठरविते, तेथे पक्षपाताचा संशय अटळ असतो. सत्ताधारी व विरोधक या दोघांनाही पहिल्या दिवसापासून सारखाच लागू असणारा बँकेचा नियम निवडीला वावच ठेवीत नाही.

अर्थात अतिरेकही टाळला पाहिजे. ब्रिटनमध्ये बँकांनी खासदारांच्या नातेवाइकांनाही खाती नाकारल्याच्या तक्रारी वाढल्या. तेव्हा अन्य धोक्याची चिन्हे नसल्यास स्वदेशी सत्तापदस्थांना कमी जोखमीचे मानावे, अशी दुरुस्ती जानेवारी २०२४ पासून अमलात आली. भारतानेही व्याख्या उच्च पदांपुरती मर्यादित ठेवावी. ग्रामपंचायत सदस्याला वा कनिष्ठ कर्मचाऱ्याला तिच्यात ओढू नये. केवळ पदामुळे खाते नाकारण्यास मनाई करावी आणि बँकेला दिलेली माहिती गुप्त राखण्याची हमी कायद्यातच असावी.

हे सर्व करण्यास घटनादुरुस्ती लागत नाही. नियमातील एका व्याख्येची कक्षा रुंदावावी लागेल. मात्र ती रुंदावण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, तेच तिच्या कक्षेत येणार आहेत. विलंबाचे खरे कारण येथेच शोधावे लागेल. सामान्य खातेदाराकडून कागदपत्रांची पूर्तता करून घेणाऱ्या शासनाने हीच शिस्त स्वतःच्या मंत्र्यांना लावली नाही, तर ती शिस्त नव्हे, दुर्बळांवरील सक्ती ठरेल. आणि सक्तीला लोक मान तुकवितात, मान देत नाहीत.