सायरस स्मिथचा अपुरा हिशेब

साहसकथेचा नायक म्हटला की तलवार, घोडा, फार तर बंदूक आठवते. ज्यूल व्हर्नच्या 'द मिस्टिरियस आयलंड' या कादंबरीचा (मूळ फ्रेंच, १८७४-७५) नायक सायरस स्मिथ याच्याकडे यांतले काहीच नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात कैदेत पडलेला हा इंजिनिअर मार्च १८६५ मध्ये चार सोबत्यांसह आणि एका कुत्र्यासह फुग्यातून रिचमंडहून निसटतो आणि पॅसिफिकमधील निर्जन बेटावर येऊन पडतो. विस्तव नसताना तो घड्याळांच्या दोन काचांमध्ये पाणी भरून, कडा चिकणमातीने लिंपून भिंग बनवतो. कुत्र्याच्या गळपट्ट्याच्या पोलादाचे दोन सुरे होतात. पुढे विटा, मडकी, लोखंड, आम्ल आणि शेवटी नायट्रोग्लिसरीन. त्याचा स्फोट करून तो तळ्याच्या पाण्याला नवी वाट काढून देतो, पातळी खाली येते आणि कड्याच्या पोटातील जुना निचरा उघडा पडून राहायला घर मिळते.

भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, हे ऋण मोठेच. मात्र पुढे आपल्याकडे व्हर्न कुमारवाङ्मयाच्या कपाटात गेला तो तिथेच राहिला. त्यामुळे स्मिथविषयी एक ठरावीक मत रूढ झाले आहे: ज्ञान असले की माणूस शून्यातून जग उभारतो, आणि स्मिथ हा त्या स्वावलंबनाचा आदर्श. आम्हांस हे वाचन अर्धवट वाटते. किंबहुना कादंबरी स्वतःच ते खोडून काढते.

पहिल्या भागाच्या शेवटाकडे पाहा. रानडुकराच्या पिलाचे मांस खाताना खलाशी पेनक्रॉफ्टचा दात शिशाच्या छऱ्यावर आपटून तुटतो. बेटावर बंदूक नाही. मग हा छर्रा कोणाचा? पुढे किनाऱ्यावर हत्यारांनी भरलेली पेटी सापडते. तापाने मरणाच्या दारी टेकलेल्या हर्बर्टच्या उशाशी क्विनाइनची डबी कोणीतरी आणून ठेवते. चाच्यांचे जहाज पाण्याखालून उडवले जाते. खुद्द स्मिथला समुद्रातून कोणी बाहेर काढले, हेही त्याला ठाऊक नाही. पेनक्रॉफ्ट या साऱ्याला दैवाची कृपा म्हणून मोकळा होतो. स्मिथ होत नाही. घराच्या तळाशी समुद्रापर्यंत गेलेली विहीर आहे, तिच्यात तो शिडीने उतरून पाहतो, आणि काही न सापडल्याने अधिकच अस्वस्थ होतो. आमच्या मते त्याचे इंजिनिअरपण नायट्रोग्लिसरीनपेक्षा या विहिरीत अधिक दिसते. जे आपण केले नाही ते आपल्या खात्यावर मांडायला तो तयार नाही.

तो अज्ञात साहाय्यक म्हणजे कॅप्टन निमो, अर्थात बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. टिपू सुलतानाचा भाचा (कालगणना जरा ताणलेली आहे, पण व्हर्नला ते चालते), दहाव्या वर्षी शिक्षणासाठी युरोपात पाठवलेला, १८४९ मध्ये परतलेला, १८५७ च्या उठावात लढलेला आणि हरलेला. 'नॉटिलस' बांधणारा हा माणूस स्मिथहून मोठा इंजिनिअर आहे. गंमत अशी की व्हर्नने निमो आधी पोलिश उमराव म्हणून कल्पिला होता. रशियन बाजारपेठ बिघडेल म्हणून प्रकाशक एत्झेलने ते होऊ दिले नाही. १८७५ च्या किंग्स्टन यांच्या नावावरील इंग्रजी भाषांतरात तर स्मिथचा 'हार्डिंग' झाला आणि निमोविषयीच्या बऱ्याच मजकुराला कात्री लागली. इंग्रजी वाचकांच्या पिढ्यांनी स्मिथचा पराक्रम वाचला तो असा, त्यातली हिंदुस्थानची बाजू बोथट करून.

हे सारे आम्ही गोंदियात बसून वाचतो, म्हणून तळ्याच्या पातळीचा तो प्रसंग आम्हांला सोडत नाही. आमच्या जिल्ह्यातले विद्यार्थी तलावांच्या गावांतून येतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या आजही धानाला पाणी देतात. जमिनीचा उतार ओळखून घातलेली मातीची पाळ, जादा पाणी वाहून जाण्याची सोय, एका तलावाचे पाणी खालच्या तलावाला. यासाठी पुस्तक नव्हते, नायट्रोग्लिसरीन तर नव्हतेच. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा तलाव लोकपरंपरा कोलू पटेल कोहळी यांच्या नावाने सांगते. साहित्याच्या वाचकाला नवेगावबांध माहीत आहे ते मारुती चितमपल्लींच्या लेखनातून, पक्ष्यांचे आणि अरण्याचे म्हणून. ज्या पाण्यावर ते पक्षी उतरतात ते माणसांनी अडवलेले आहे, हे वर्गात सांगितले की क्षणभर शांतता पसरते. मालगुजारी गेली आणि १९५० च्या कायद्यानंतर तलाव सरकारकडे आले. 'माजी मालगुजारी' याचे 'मामा तलाव' असे लघुरूप झाले. नावात मालगुजार उरला, बांधणारा गेला. गाळ काढण्याची, पाळ दुरुस्त करण्याची गावाची सामाईक रीतही हळूहळू सैल पडली.

तलाव बांधणारा हा माणूस आमच्या कथा-कादंबरीत नायक म्हणून का आला नाही, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. शेतकरी आला, मास्तर आला, कारकून तर उदंड आले. पाण्याची पातळी डोळ्याने जोखणारा माणूस आमच्या वाचनात तरी नायकाच्या जागी आढळला नाही. कदाचित असे काम एकट्याचे नसते आणि कादंबरीला एकटा लागतो, हे कारण असेल. पण व्हर्नने तरी दुसरे काय केले? त्याने पाचांची टोळी घेतली आणि तिच्यावर एक अदृश्य हात ठेवला. अर्थात त्या टोळीतही नेब हा स्मिथच्याच जमिनीवर गुलाम आईबापांपोटी जन्मलेला, मुक्त होऊनही मालकाला न सोडणारा स्वयंपाकीच राहतो. इथे व्हर्न आपल्या काळाच्या पुढे जात नाही, आणि स्मिथच्या चोख हिशेबात नेबची नोंद कुठेच होत नाही.

शेवटी ज्वालामुखी बेट गिळतो. भिंग, भट्टी, पवनचक्की यांतले काही उरत नाही. उरते ती मरताना डक्करने दिलेली हिरे-मोत्यांची पेटी. तिच्या पैशातून स्मिथ आणि सोबती अमेरिकेत आयोवा प्रांतात जमीन विकत घेतात आणि तिथे पुन्हा वसाहत करतात.