भरलेली दाढ किती वर्षं टिकते?

भगिनींनो, दाढ एकदा भरून घेतली की आपण तिला विसरतो. पण भरलेली दाढ काही जन्माला पुरत नाही. चांदी नीट राखली तर १० ते १५ वर्षं टिकते. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट बहुधा त्याहून कमी. घात होतो तो कडेला. कॉम्पोझिट घट्ट होताना किंचित आकसतं, बारीक फट राहते, अन् कीड तिथून आत शिरते. वरून दाढ शाबूत, आतून पोखरलेली!

त्याच जागी अन्न अडकतं? गार पाण्यानं सणक जाते? कडेला काळी रेघ दिसते? मग लवंगेच्या तेलावर दिवस ढकलू नका. वेळीच गेलात तर दाढ पुन्हा भरून भागतं; कीड नसेपर्यंत पोचली की रूट कॅनाल, नाहीतर दाढ काढणंच आलं.

चांदीत निम्मा पारा असतो, हे ऐकून घाबरू नका. चांगली बसलेली चांदी उगाच उकरू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

घरातल्या सगळ्यांची दुखणी निस्तरता, अन् स्वतःची दाढ मात्र ‘बघू पुढच्या महिन्यात’? असं नको हं!