जुने होण्याची जोखीम कुणाच्या माथी?

सॉफ्टवेअर लिहिणारी दहा-पंधरा जणांची कंपनी संगणक घ्यायला निघाली, की तिला एकच सल्ला मिळतो : विकत कशाला घेता? तीन वर्षांत जुने होणार. भाडेपट्ट्यावर घ्या, भांडवल अडकत नाही आणि सगळे भाडे खर्चात धरून कर वाचतो. ऐकायला हे बिनतोड वाटते. तपासून पाहिले तर यातला भांडवलाचा मुद्दा तेवढा टिकतो, आणि तोही सगळ्यांसाठी नाही.

जुने होण्याची भीती पूर्वी खरी होती. 1956 पर्यंत आयबीएम आपली यंत्रे भाड्यानेच देई. अमेरिकी सरकारबरोबरच्या खटल्यात तडजोड झाली, तेव्हा तिला ती विकायलाही काढावी लागली. 1959 साली जाहीर झालेल्या 1401 या यंत्राचे भाडे महिन्याला अडीच हजार डॉलरपासून सुरू होई. पुढे आयटेलसारख्या कंपन्यांनी आयबीएमची यंत्रे विकत घेऊन स्वस्तात भाड्याने द्यायला सुरुवात केली. ग्राहकाने करार मध्येच मोडला तर काय, म्हणून लंडनच्या लॉइड्सकडे विमाही उतरवला गेला. जानेवारी 1979 मध्ये आयबीएमने 4300 ही स्वस्त आणि वेगवान मालिका आणली. भाडेकरूंनी जुनी यंत्रे परत धाडली, लॉइड्सच्या विमाकर्त्यांचे कोट्यवधी डॉलर बुडाले, आणि 1981 मध्ये आयटेलचे दिवाळे वाजले. जुने होण्याची जोखीम तेव्हा खरोखरच भाड्याने देणाऱ्याच्या माथी होती.

आज ती तिथे नाही. लॅपटॉपचा करार बहुधा 24 किंवा 36 महिन्यांचा असतो आणि मध्येच बाहेर पडायचे तर उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग भरावा लागतो. ॲपलने नोव्हेंबर 2020 मध्ये मॅकमध्ये इंटेलच्या जागी स्वतःची, बरीच वेगवान एम1 चिप आणली. त्याच्या महिनाभर आधी ज्याने इंटेलच्या मॅकवर तीन वर्षांची सही केली होती, तो 2023 पर्यंत बांधला गेला. विकत घेणाऱ्यालाही झळ बसलीच, पण तोटा सोसून का होईना, जुने यंत्र मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात नेऊन विकायला तो मोकळा होता.

भाड्याने घेतले म्हणजे यंत्र नवेच मिळेल, असेही नाही. आयबीएम भारतात परदेशी वापरून झालेली 1401 यंत्रे डागडुजी करून भाड्याने देत असे. संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर ताशेरे ओढले होते. (1978 साली कंपनी देश सोडून गेली ती मात्र परकी भागभांडवलाच्या वादातून.)

आता कराचे. आयकरात संगणकावर 40 टक्के घसारा मिळतो, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. म्हणजे लाखाच्या यंत्रावर पहिल्या वर्षी 40,000, दुसऱ्या वर्षी 24,000, तिसऱ्या वर्षी 14,400. तीन वर्षांत 78,400 रुपये खर्ची पडतात. कर्ज काढले असेल तर व्याजही खर्चात जाते. जीएसटीची वजावट दोन्हीकडे सारखीच. भाड्याच्या बाजूने उरते ते एवढेच, की खर्च थोडा लवकर वजा होतो.

हप्त्याचा हिशेब याहून बोलका आहे. समजा, लाखाच्या लॅपटॉपचे भाडे महिना 3,200 रुपये. 36 महिन्यांत 1,15,200 भरून यंत्र परत. तेच 12 टक्के व्याजाच्या कर्जावर घेतले तर हप्ता साधारण 3,321 आणि एकूण 1,19,600 च्या आसपास. जेमतेम साडेचार हजार जास्त मोजून तीन वर्षे वापरलेला, चालता लॅपटॉप घरात राहतो.

आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यात असा लॅपटॉप अडगळीत जात नाही. रात्रभर बिल्ड चालवायला, चाचण्या घ्यायला तो कामी येतो. सामान्य ग्राहकाकडे असते तसल्या मंद यंत्रावर आपला प्रोग्रॅम किती रखडतो, हेही तिथेच कळते. नव्याकोऱ्या यंत्रावर सगळेच छान चालते! शिवाय रॅम वाढवायची तर मालकाची परवानगी मागावी लागत नाही.

सर्व्हरचीही गोष्ट फार निराळी नाही. बेसकँप बनवणाऱ्या 37सिग्नल्सने 2022 मध्ये क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्याच सर्व्हरवर, सुमारे 32 लाख डॉलर खर्चले. मग सुमारे सात लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेऊन बरेचसे काम तिकडे हलवले, आणि नंतर वर्षाला जवळपास 20 लाख डॉलर वाचत असल्याचे सांगितले. अर्थात तिचा भार स्थिर होता आणि यंत्रे सांभाळणारी माणसे पदरी होती.

मग भाडे कुणी भरावे? सहा महिन्यांच्या कामासाठी आठ कंत्राटी प्रोग्रॅमर आणणाऱ्याने, आठवडाभर जीपीयू लागणाऱ्याने, आणि ज्याच्याकडे पैसा नाही व बँक कर्जही देत नाही त्याने. 1981 साली पुण्यात 10,000 रुपयांवर सुरू झालेल्या इन्फोसिसकडेही सुरुवातीला स्वतःचा संगणक नव्हता. भाड्याने घेणाऱ्यांनी सही करण्याआधी मुदतपूर्व सुटकेचे कलम वाचावे, आणि परत जाणारी डिस्क कोण, कशी पुसणार हे लेखी घ्यावे. तिच्यावर ग्राहकाचा कोड असतो.