मोडला नाही, म्हणून उरला

व्यापारी घराण्यात दोन प्रश्न पिढ्यानुपिढ्या उभे राहतात. नवे काय उभारावे, हा पहिला. आणि चालू असलेले केव्हा थांबवावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी सल्लागार पुष्कळ मिळतात, भांडवल मिळते, घरातील तरुण तर उत्साहाने पुढे येतातच. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी मात्र घरातील कर्ता बहुधा एकटा असतो. थांबवले तर चार लोक नावे ठेवतात आणि न थांबवावे तर काळाबरोबर धावताना मूळ वस्तूचीच इतकी मोडतोड होते, की पुढच्या पिढीच्या हाती नुसती पाटी उरते. या दुसऱ्या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर इंग्लंडमधील एका घराण्याने दिले. ते उत्तर मोटारींच्या शर्यतींतून आलेले आहे. विषय आपल्या नेहमीच्या वर्तुळाबाहेरचा आहे. तथापि वाचकांनी थोडा धीर धरावा. त्यातील आजोबा आणि नातू आपल्या ओळखीचे निघतील.

दक्षिण इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात, चिचेस्टर शहराजवळ गुडवूड ही रिचमंडच्या ड्यूक घराण्याची वडिलोपार्जित जहागीर आहे. या घराण्याचे नववे ड्यूक फ्रेडरिक गॉर्डन-लेनॉक्स हे फ्रेडी मार्च या नावाने ओळखले जात. उमराव घराण्यात जन्मूनही त्यांचा ओढा यंत्रांकडे होता. तरुणपणी त्यांनी बेंटली मोटारींच्या कारखान्यात उमेदवारी केली, हात तेलात माखवले आणि मग शर्यतीत उतरले. १९३० साली ब्रुकलँड्स येथील ५०० मैलांची शर्यत त्यांनी सॅमी डेव्हिस यांच्या जोडीने ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या मोटारीतून जिंकली. १९३५ साली ड्यूकपद त्यांच्याकडे आले.

दुसऱ्या महायुद्धात या जहागिरीच्या जमिनीवर वेस्टहॅम्पनेट हा लष्करी विमानतळ उभा राहिला. विमानांच्या ये-जा करण्यासाठी त्याच्या कडेने फिरणारा एक रस्ता होता. युद्ध संपले, विमाने गेली, रस्ता उरला. तेथून विमाने उडवलेले ऑस्ट्रेलियन वैमानिक टोनी गेझ यांनी फ्रेडी मार्च यांना सुचवले, की या रस्त्यावर मोटारींच्या शर्यती का होऊ नयेत? ब्रुकलँड्सचा जुना मार्ग युद्धात निकामी झाला होता. शर्यतीची हौस असलेल्यांना हक्काची जागा उरली नव्हती. १८ सप्टेंबर १९४८ रोजी फ्रेडी मार्च यांनी स्वतः ब्रिस्टल ४०० ही मोटार चालवून सुमारे पावणेचार किलोमीटरच्या या मार्गाचे उद्घाटन केले. पेट्रोल अजून शिध्यावर मिळत होते, तरी सुमारे १५ हजार माणसे जमली. आदल्याच दिवशी १९ वर्षांचा झालेला एक तरुण त्या दिवशी ५०० सीसीच्या लहान मोटारींची शर्यत जिंकून गेला. त्याचे नाव स्टर्लिंग मॉस. पुढे जगाने ते पाठ केले.

पुढची अठरा वर्षे गुडवूड भरभराटीत होते. येथील वळणे दिसायला मोकळी, प्रशस्त, प्रत्यक्षात फसवी. मॅजविक, फोर्डवॉटर, सेंट मेरीज, लेव्हंट, वुडकोट ही त्यांची नावे चालकांच्या तोंडी मंत्रासारखी बसली. परंतु यंत्रांचा वेग वर्षागणिक वाढत होता. १९६५ साली जिम क्लार्क आणि जॅकी स्टुअर्ट या दोघांनी एका फेरीस १ मिनिट २०.४ सेकंद अशी सारखीच विक्रमी वेळ दिली; म्हणजे ताशी सरासरी सुमारे १७३ किलोमीटर. आणि पुढल्याच वर्षी फॉर्म्युला वन मोटारींच्या इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटरवर, म्हणजे थेट दुपटीवर जाणार होती.

आता ड्यूकांपुढे आपला तो दुसरा प्रश्न उभा राहिला. मार्ग चालू ठेवायचा तर वेग आवरण्यासाठी जागोजागी आडवळणे घालावी लागणार होती. असे एक आडवळण १९५२ साली घातले होतेच. आणखी किती घालायची? वळणांचा मूळ स्वभाव नाहीसा करायचा, म्हणजे नाव गुडवूडचे आणि रस्ता भलताच. गिऱ्हाईक होते, कीर्ती होती, प्रेक्षक होते. तरीही १९६६ च्या उन्हाळ्यात त्यांनी शर्यती बंद केल्या. रस्ता मात्र तसाच ठेवला. त्यावर मोटारींच्या चाचण्या होत राहिल्या आणि अशाच एका चाचणीत २ जून १९७० रोजी न्यूझीलंडचे ख्यातनाम चालक आणि मोटारनिर्माते ब्रूस मॅकलरेन यांचा मृत्यू झाला. ड्यूकांची भीती अनाठायी नव्हती, याचा याहून दुःखद पुरावा कोणता असणार?

१९८९ साली फ्रेडी मार्च निवर्तले. त्यांचे नातू चार्ल्स गॉर्डन-लेनॉक्स यांनी बालपणी आजोबांच्या मार्गावरचा गजबजाट पाहिला होता. तो पुन्हा सुरू करावा, हा ध्यास त्यांनी घेतला. आसपासच्या गावकऱ्यांना गोंगाट नको होता, परवानगी मिळेना. तेव्हा १९९३ साली त्यांनी आपल्या हवेलीच्या आवारातील चढाच्या वाटेवर जुन्या-नव्या मोटारींचा एक उत्सव भरवला आणि मार्गासाठीची बोलणी चालूच ठेवली. अखेर परवानगी मिळाली. १८ सप्टेंबर १९९८ रोजी, म्हणजे पहिल्या उद्घाटनाला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, नातवाने ब्रिस्टल ४०० मोटारीतूनच मार्ग पुन्हा खुला केला. १९६६ साली आजोबांनी जे मोडले नव्हते, ते ३२ वर्षांनी नातवाचे भांडवल झाले. वेगाच्या मागे लागून वळणे बदलली असती, तर गुडवूड कदाचित आणखी दहा-पंधरा वर्षे चालले असते आणि नंतर उघडण्याजोगे काही राहिले नसते.

या मार्गावर आज दर सप्टेंबरात तीन दिवस गुडवूड रिव्हायव्हल हा मेळावा भरतो. १९६६ पर्यंत जशा मोटारी येथे धावत, तशाच मोटारींना प्रवेश. प्रेक्षकही त्या काळचे पोशाख घालून येतात आणि मार्गाच्या आतल्या आवारात त्या दिवसांत आधुनिक वाहन दिसत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे नाटक वाटेल. शर्यत मात्र खरी असते.

आणि येथेच 'हौशी' या शब्दाचा विचार करावा लागतो. भाग घेणाऱ्यांत नामवंत व्यावसायिक चालक असतात, त्याचबरोबर आठवडाभर आपापला उद्योग सांभाळून येणारे गृहस्थही असतात. सेंट मेरीज चषक ही ऑस्टिन ए-३५, मिनी, जॅग्वार अशा जुन्या घरगुती मोटारींची शर्यत दोन भागांत होते. एका भागात नामांकित चालक मोटार चालवतो, दुसऱ्यात बहुधा तिचा धनी स्वतः. आणि दोघांच्या वेळेची बेरीज करून निकाल लागतो. काल जगज्जेत्याने जी मोटार पळवली, तीच आज तिच्या मालकाने चालवायची. आपल्या कुवतीचा याहून रोखठोक हिशेब दुसरा नसेल.

ही हौस केवळ श्रीमंतांची, असा समज होणे साहजिक आहे. गुडवूडला येणाऱ्या काही मोटारींची किंमत ऐकून डोळे विस्फारतात, हेही खरे. परंतु या छंदाचे मूळ साधे आहे. १९३४ साली इंग्लंडमध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाला तो ज्यांना नवी मोटार परवडत नाही अशा, बेताच्या प्राप्तीच्या शौकिनांसाठी. जुनी मोटार स्वस्त मिळे, मन लावून दुरुस्त करता येई आणि सुटीच्या दिवशी शर्यतीत उतरवता येई. १९३१ पूर्वीच्या मोटारींना 'व्हिंटेज' म्हणण्याची रीत याच मंडळींनी रूढ केली. हा क्लब आजही शर्यती भरवतो.

जुनी मोटार वेगाने चालवणे हे नवी चालवण्यापेक्षा अवघड असते. टायर अरुंद, वळणावर ते रस्त्याला घट्ट धरत नाहीत, किंचित घसरत जातात, आणि ती घसरण अ‍ॅक्सिलरेटरच्या हलक्या दाबाने आवरावी लागते. पूर्वीच्या ड्रम ब्रेकचे वैशिष्ट्य असे, की ते वारंवार दाबले की तापतात आणि तापले की ऐनवेळी दुबळे पडतात. म्हणून शेवटच्या फेरीसाठी ब्रेक पहिल्या फेरीपासूनच राखून वापरावे लागतात. अनेक जुन्या गिअरपेट्यांत दाते आपोआप जुळत नाहीत. गिअर उतरवताना क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाचा वेग नेमका वाढवून ते जुळवावे लागतात. चुकले, तर कर्कश आवाजासह दाते झडतात आणि तसा सुटा भाग बाजारात मिळत नाही. तो कोणा कारागिराकडून नव्याने घडवून घ्यावा लागतो. त्यामुळे हौशी चालकाचे अर्धे लक्ष रस्त्यावर, तर अर्धे तेलाच्या दाबाच्या काट्यावर असते. तो काटा खाली झुकला की पुढे कोणीही असो, शहाणा माणूस शर्यत सोडतो. मोटार अखंड परत आणणे, हा त्याच्या लेखी निम्मा विजय असतो.

या मोटारींच्या निमित्ताने काही कसब जिवंत राहिले आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून गोलाई देणे, बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतणे, तारांची चाके ताणून सरळ करणे ही कामे पुस्तक वाचून येत नाहीत. संग्रहालयात उभ्या केलेल्या मोटारीला वर्षातून एकदा पुसले की भागते. धावणाऱ्या मोटारीला मात्र कारागीर लागतो आणि त्या कारागिराला शिकाऊ उमेदवार लागतो. मार्गाच्या कडेला झेंडे घेऊन उभे राहणारे मार्शल तर विनावेतन येतात. पावसात, वाऱ्यात दिवसभर उभे राहून दुसऱ्याच्या जिवाची राखण करायची, ही त्यांची हौस.

हे सारे मान्य करूनही मनात काही प्रश्न राहतात, आणि ते राहिलेच पाहिजेत. ज्या मोटारीसारखी दुसरी जगात नाही, ती धडकवण्याचा धोका का पत्करावा? इंधन का जाळावे? आणि सर्वांत मोठा प्रश्न जिवाचा. इंधनाबाबत एवढे म्हणता येते, की २०२४ साली गुडवूड रिव्हायव्हलच्या सर्व शर्यती शाश्वत स्वरूपाच्या इंधनावर घेण्यात आल्या. म्हणजे या मंडळींना तो प्रश्न बोचतो आहे. मोडलेली मोटार कारागीर पुन्हा उभी करू शकतो. जिवाचे तसे नाही. तेथे 'हौसेला मोल नाही' ही आपली म्हण अपुरी पडते. तेथे एकच गोष्ट कामास येते: आपली मर्यादा ओळखून वेळीच थांबणे. या बाबतीत स्टर्लिंग मॉस यांचे उदाहरण सांगण्याजोगे आहे.

ज्या गुडवूडने त्यांना पहिले यश दिले, तेथेच २३ एप्रिल १९६२ रोजी सेंट मेरीज वळणाजवळ त्यांचा भीषण अपघात झाला. महिनाभर ते बेशुद्ध होते. शरीराची डावी बाजू सहा महिने लुळी होती. बरे झाल्यावर १ मे १९६३ रोजी ते पुन्हा गुडवूडला आले, एकटेच काही फेऱ्या मारल्या आणि खाली उतरले. पूर्वी जे हातापायांना आपोआप सुचत असे, ते आता विचार करून करावे लागत होते. त्याच दिवशी त्यांनी व्यावसायिक शर्यतींतून निवृत्ती ठरवली. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. पुढे उतारवयात जुन्या मोटारींच्या शर्यतींत ते आनंदाने भाग घेत राहिले. २०११ साली, ८१ व्या वर्षी, फ्रान्समधील ल मान्स येथे सराव करताना त्यांना स्वतःच्याच चालवण्याची भीती वाटली. त्यांनी तेथेच कायमचा निरोप घेतला. कोणी सांगायला आले नव्हते, कोणी हात धरून उतरवले नव्हते. २०२० साली, ९० वर्षांचे होऊन, ते घरीच शांतपणे गेले.

ड्यूकांनी रस्ता थांबवला. मॉस यांनी स्वतःला थांबवले. दोघांनाही टाळ्या मिळत असतानाच थांबावे लागले आणि दोघांनीही मागे जे ठेवले ते धड होते.

रिव्हायव्हलमध्ये लहान मुलांचीही एक शर्यत असते, सेट्रिंग्टन चषक नावाची. मुले धावत जाऊन पायडलच्या चिमुकल्या ऑस्टिन जे-४० मोटारींत बसतात आणि जिवाच्या आकांताने पायडल मारतात. या मोटारी १९४९ पासून वेल्समधील बारगोड येथील कारखान्यात बनत. खाणीत काम करून फुप्फुसे निकामी झालेल्या कामगारांना उपजीविका मिळावी, म्हणून तो कारखाना काढला होता. त्या कामगारांनी घडवलेली मोटार आज चौथ्या पिढीतले मूल चालवते आहे, कारण मधल्या तीन पिढ्यांत कोणी तिला भंगारात घातले नाही आणि कोणी तिला नव्यासारखे करण्याच्या नादात मोडलेही नाही.

वाचकहो, आपल्याही घरी, दुकानी असे काही असेल. एखादी पेढी, एखादे कसब, माळ्यावरचे एखादे यंत्र, जे आज चालवणे परवडत नाही. ते चालवायचेच, असा हट्ट नको. वेळ आली तर खुशाल थांबवावे. फक्त थांबवताना नातवाला ओळखू येईल इतके ते शाबूत ठेवावे.